मूल आणि चित्रपटगृह

नांदेड असो वा लातूर, सुटी लागली कीं थोरल्यांबरोबर धाकटें मूलही सिनेमाचा हट्ट धरतें. आईबाप मग प्रमाणपत्र पाहतात. २०२३ च्या कायदा-दुरुस्तीनें 'यूए' वर्गांत ७, १३ व १६ अशा वयोमर्यादा आल्या. परंतु त्या पालकांच्या विचारार्थ आहेत, दारावर कोणी त्यांवरून अडवीत नाहीं. १८ वर्षांखालील मुलांस प्रवेशबंदी आहे ती केवळ 'ए' चित्रपटास.

शिवाय प्रमाणपत्र चित्रपटाची परीक्षा करतें, मुलाची नव्हे. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३) राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी. चित्रपट सोज्ज्वळ खरा. तरी त्यांत आई मरते, आणि चार वर्षांच्या बालकास अंधाऱ्या दालनांत तेवढें दुःख पेलेलच असें नाहीं.

तेव्हां तीन गोष्टी पाहाव्या. मूल आजीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकतें काय? गोष्टींतला राक्षस खोटा, हें त्यास उमगतें काय? आणि भीति वाटल्यास तें निःसंकोच सांगतें काय? यांतील तिसरी मुख्य. कारण थोरला भाऊ हंसेल म्हणून गप्प राहिलेलें मूल रात्रीं झोपेंत दचकून उठतें. मूल मध्येंच 'घरीं चला' म्हणालें, तर न रागावतां उठावें. तिकिटाचे पैसे जातील. पण पुढच्या वेळीं तें आपली भीति लपविणार नाहीं.