गावाला सांगायचं राहून गेलं होतं

(फुलसावंगी येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

दिवसभर कापूस वेचून थकलेल्या अंगानं इथं येऊन बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

माझा मुलगा बोलत नाही, ही गोष्ट मी या गावापासून लपवून ठेवली होती. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, आमच्या घराण्यात पोरं उशिराच बोलतात, माझे एक काका पाच वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. असे कोणी काका मला नाहीत. कितीतरी वर्षं मी हे खोटं बोललो, आणि त्याची किंमत माझ्या मुलानं आणि त्याच्या आईनं मोजली. संयोजकांनी मला 'पालकत्व' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मला त्यातलं एवढंच ठाऊक आहे, म्हणून तेच सांगतो.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. दुसऱ्याच्या पोराच्या चालण्यावरून त्याच्या पायात काटा आहे की घरी भांडण झालं आहे, हे ओळखणारा माणूस. आमचा मुलगा दीड वर्षाचा असताना 'आई' म्हणायचा, 'भूर' म्हणायचा. दोन वर्षांचा होईतो ते शब्द गेले. नावानं हाक मारली तर वळून बघत नसे, पण वेशीपलीकडून येणारी एसटी त्याला आमच्या आधी ऐकू यायची. म्हणजे कान शाबूत होते. काही हवं असलं की बोट दाखवत नसे. माझं मनगट धरून माझा हात त्या डब्यावर नेऊन ठेवायचा. सायकल उलटी करून तिचं चाक तासन्‌तास फिरवत बसायचा. मी हे सगळं पाहत होतो आणि स्वतःला सांगत होतो, एकुलता आहे, लाडावला आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी कारण शोधून ठेवलं होतं. पोटुशी असताना सुनेनं ग्रहण पाळलं नाही, भाजी चिरली. शेजारपाजारी म्हणाले, मोबाइल दाखवला. आम्ही माहूरच्या पायऱ्या चढलो, नवस बोललो. एका डॉक्टरांनी सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, वाट पाहा. आम्ही दोन वर्षं वाट पाहिली. आईबापाला शंका येते त्या दिवशी दाखवून घ्यावं, हे मला तेव्हा कळलं असतं तर ती दोन वर्षं हाती राहिली असती. लहान वयात शिकवणं सुरू झालं तर या मुलांना जेवढं मिळतं, तेवढं पुढं मिळवायला फार कष्ट पडतात.

शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी तासभर त्याच्याबरोबर जमिनीवर बसून, खेळून, आम्हाला शंभर प्रश्न विचारून सांगितलं की हा ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला, बाहेरचं काही न घेणारा. आमच्या मुलाचं नेमकं उलटं आहे. बाहेरचं सगळं त्याच्यावर एकदम येऊन आदळतं. ट्यूबलाइटची गुणगुण, कुकरची शिट्टी, वरातीचा बँड, नव्या शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी. आपल्याला त्यातलं नको ते वगळता येतं, त्याला येत नाही. म्हणून तो कानांवर हात ठेवतो, ओरडतो, आणि लोक म्हणतात, वळण नाही.

हा आजार नव्हे, मेंदूची घडणच वेगळी असते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ग्रहणानं होत नाही, लसीनंही होत नाही. लसीचा संशय १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखानं पसरवला आणि २०१० साली त्याच नियतकालिकानं तो लेख मागं घेतला. जगात साधारण शंभर-सव्वाशे माणसांमागे एक, असा अंदाज आहे. मग आपल्या पंचक्रोशीत माझा एकटाच मुलगा असा कसा असेल? बाकीची कुठं आहेत? मला वाटतं, मी जिथं ठेवला होता तिथंच आहेत. मागच्या खोलीत.

निदान झालं त्या रात्री मी रडलो नाही. मी कारणं शोधायला लागलो, आणि वाचता वाचता एका बापापाशी येऊन थांबलो. त्याची गोष्ट तुम्हाला जरा सविस्तर सांगणार आहे.

अमेरिकेत मिसिसिपी नावाचं राज्य आहे, आपल्यासारखंच कापसाचं. तिथल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात बीमन ट्रिपलेट नावाचे वकील होते. त्यांचा मुलगा डोनाल्ड, जन्म १९३३ चा. तो माणसांकडं बघत नसे, भांडी गोल फिरवायचा, ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणायचा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आईबापांनी त्याला तीन वर्षांचा असताना दूरच्या संस्थेत ठेवलं. त्या काळी तीच रीत होती. वर्षभरानं त्यांनी त्याला परत आणलं. मग १९३८ साली या बापानं बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांना पत्र लिहून मुलाचं सगळं वागणं कळवलं. ते पत्र ३३ पानांचं होतं, टंकलिखित. कॅनरांनी १९४३ साली अशा अकरा मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझमची वैद्यकशास्त्राला ओळख झाली. त्या निबंधातला पहिला मुलगा डोनाल्डच.

तेहतीस पानं! मी शिक्षक माणूस, पण माझ्या मुलाविषयी त्या दिवशी मला तीन पानं लिहिता आली नसती. त्याची आई शंभर पानं सांगू शकली असती, आणि तिला मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढं डोनाल्डला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडं राहायला ठेवलं. कॅनर १९४५ साली तिथं बघायला गेले. डोनाल्डला मोजमापाचं वेड होतं, दिसेल ते मोजायचा. शेतकऱ्यानं त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली ते सांगायचं काम दिलं. तो मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजायचा, तर नांगरता नांगरता मोज म्हणून त्याच्या हाती घोडा आणि नांगर दिला. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांना पुरायला जागा नेमून दिली. त्या जोडप्यानं मानसशास्त्राचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. पोराची ओढ कुठं आहे ते पाहिलं आणि तिला काम जोडून दिलं. डोनाल्ड पुढं शिकला, बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला. २०२३ साली, ८९ व्या वर्षी, त्याच गावात वारला. त्याच्या हयातीत अमेरिकन पत्रकार त्याचा शोध घेत फॉरेस्टला पोचले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना बजावलं होतं की आमच्या डोनाल्डला त्रास द्याल तर आमच्याशी गाठ आहे.

हे वाचलं आणि मला फुलसावंगी दिसली. पण आपल्या गावाला राखण करायला माझ्या मुलाची ओळख तर हवी ना.

याच कॅनरांनी नंतर आईबापांच्या थंडपणाला दोष दिला, आणि पुढच्या लोकांनी तो सगळा आयांच्या माथी मारला. अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणत, म्हणजे बर्फासारखी आई. हा कलंक पुसायला बर्नार्ड रिमलंड नावाचे मानसशास्त्रज्ञ उभे राहिले. त्यांचा मुलगा ऑटिस्टिक होता. १९६४ साली त्यांनी पुस्तक लिहून पुराव्यानिशी मांडलं की हा शरीराचा, मेंदूचा प्रश्न आहे. एक बाप आईच्या बाजूनं उभा राहिला. आमच्या घरात भाजी चिरल्याचा ठपका तिच्यावर येत होता तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत बसायचो. इथं बसलेल्या बापांना मी हे मुद्दाम सांगतो. गप्प बसणं म्हणजे त्या आरोपावर सही करणं.

आता ज्या दिवसानं माझी लपवालपवी संपवली, त्या दिवसाविषयी. भाद्रपद होता, मुलगा नऊ वर्षांचा. नाला भरून वाहत होता. दुपारी परसदाराची कडी उघडी राहिली आणि तो निघून गेला. यातल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते आणि धोक्याची जाण कमी असते. अशी कितीतरी मुलं पाण्यात गेली आहेत. आम्ही अडीच तास शोधत होतो. तो नाल्याच्या काठी, गुडघाभर पाण्यात, एका शेळ्या राखणाऱ्या बाईच्या हाताला धरून उभा सापडला. त्या माउलीनं त्याला तासाभरापूर्वी पाहिलं होतं. नाव विचारलं, सांगितलं नाही. कोणाचा म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं. दोघं आपल्याच गावचे, बघून पुढं गेले. त्यांचा दोष नव्हता. त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. नऊ वर्षं ज्या गावात राहिला, त्या गावात माझा मुलगा परका होता, कारण बापानं त्याला घराबाहेर काढला नव्हता. ती बाई मला म्हणाली, "मास्तर, पोरगं लपवून ठेवाची चीज हाय का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला घेऊन मारुतीच्या पारावर गेलो आणि जमलेल्यांना सगळं सांगितलं. घसा कोरडा पडला होता. पण मला वाटलं होतं तसं कोणी हसलं नाही. एक म्हातारेबुवा म्हणाले, आता कळलं, आता ध्यानात ठेवू.

आणि ठेवलं. चक्कीवाल्या भाऊंनी त्याला पट्ट्यापासून लांब, एका ठरावीक जागी उभं राहायला शिकवलं. कुकरची शिट्टी सोसत नाही, पण चक्कीचा आवाज त्याला आवडतो. का, ते मला माहीत नाही. आपले न्हावीकाका मशीन लावत नाहीत. कात्रीनं, चार दिवसांत चार टप्प्यांनी केस कापतात. वरात आमच्या गल्लीत शिरायच्या आधी बँड थांबवणारे नवरदेव मी या गावात पाहिले आहेत.

आमच्या ओसरीत हंगामात कापसाचा ढीग असतो. अंगावर काही फार झालं की तो त्या ढिगात गळ्यापर्यंत जाऊन बसतो आणि पाच-दहा मिनिटांत शांत होतो. आधी आम्ही कापूस खराब होतो म्हणून ओढून काढायचो. मग टेम्पल ग्रँडिन या बाईंविषयी वाचलं. त्या स्वतः ऑटिस्टिक, अमेरिकेत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक. तरुणपणी त्यांनी मावशीच्या गोठाणावर पाहिलं की लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी फळ्यांनी दाबून धरलं की ती निवतात. तसंच एक यंत्र त्यांनी स्वतःसाठी बनवलं. आमच्या मुलानं ते यंत्र कापसात शोधलं होतं. आता ओसरीतला एक कोपरा त्याचा आहे, तिथला कापूस सगळ्यात शेवटी विकायला जातो.

आणि जूनमध्ये तो माझ्याबरोबर सरकी टोबायला येतो. दोन झाडांतलं अंतर त्याच्या हातून बोटभर चुकत नाही. चुकलं तर तो पुढं जात नाही, उकरून पुन्हा टाकतो. त्या मिसिसिपीच्या शेतकऱ्याची आठवण मला दर वर्षी तासावर येते.

मुंबईच्या जिया राय हिचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ऑटिझम असलेली मुलगी, वडील नौदलात. २०२२ साली तेराव्या वर्षी तिनं श्रीलंकेपासून भारतापर्यंत पाल्कची सामुद्रधुनी पोहून पार केली. मोठं काम आहे, त्या मुलीचं आणि तिच्या घराचं. पण लोक मला विचारतात, मास्तर, तुमच्या मुलात काय खास आहे? प्रत्येक मुलानं समुद्र पोहला पाहिजे का? त्याला गावात निर्धास्त चालता आलं, तरी मला पुरे आहे.

कामाचं थोडं सांगतो. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये ते आलं. प्रमाणपत्र काढा, दिव्यांग ओळखपत्र काढा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे. गावात शाळा-अंगणवाडीची आरोग्य तपासणी येते तेव्हा मूल लपवू नका, तिथूनच पुढचा रस्ता निघतो. आणि या कामांसाठी यवतमाळला जाताना आईला एकटीला एसटीत बसवून देऊ नका. बापानं रजा टाकावी, वेचणी एक दिवस थांबवावी.

पुढच्या वर्षी आमचा मुलगा अठरा वर्षांचा होईल. कायद्यानं सज्ञान झाला की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. तो अर्ज मी करणार आहे. पण माझं वय बावन्न आहे, त्याच्या आईचं सत्तेचाळीस. समिती कागदावर एक नाव लिहील. रोजच्या दिवसाचे पालक तुम्ही आहात, म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे.

तो आता थोडं बोलतो. पण लहानपणी आम्ही त्याला जसं विचारायचो, तसंच तो अजून म्हणतो. कधी तुमच्या ओट्यावर येऊन तो तुमच्याकडं न बघता म्हणेल, "पाणी पाहिजे का?" तो तुम्हाला विचारत नसतो. त्याला तहान लागलेली असते. त्याला तांब्याभर पाणी द्या, आणि मला एक फोन करा.