डायल नवी, घड्याळ जुनं

(वसंत व्याख्यानमालेत मंगळवार पेठ, कोल्हापूर येथे दिलेले व्याख्यान)



जुन्या घड्याळांच्या परदेशी शौकिनांत एक शब्द रूढ झाला आहे, 'मुंबई स्पेशल'. तो कौतुकाचा नाही, सावधगिरीचा इशारा आहे. वरून चकचकीत रंगीत डायल, आतलं मशीन दोन-तीन घड्याळांतून जमवलेलं, केस आणखी कुणाची, काटे भलत्याच कंपनीचे आणि किंमत अशी की हात आपोआप खिशाकडे जावा. अशा घड्याळाला जगभर आपल्या राजधानीचं नाव चिकटलं, याचं कोणाही मराठी माणसाला वाईट वाटेल. पण हा शब्द कसा जन्मला हे समजून घेतलं, तर जुनं घड्याळ पारखण्याची निम्मी विद्या तिथेच हाती लागते.

मुंबईचा आणि स्विस घड्याळांचा संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. 'फेवर-ल्युबा'चं घराणं 1865 च्या सुमारास हिंदुस्थानच्या बाजारात उतरलं. 'वेस्ट एंड वॉच कंपनी' आपला जन्म 1886 चा सांगते. तिची 'सोवार प्रायमा' म्हणजे स्वाराचं घड्याळ. ही घड्याळं पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत गेली आणि तिथून घराघरांत पोचली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. घड्याळं होती, पण त्यांचे सुटे भाग मिळेनात. मग घड्याळजी काय करणार? एका मेलेल्या घड्याळाचं चाक काढून दुसऱ्याला बसवायचं आणि ते जगवायचं. समुद्रकाठच्या दमट हवेत डायलवर डाग पडत, अक्षरं उडत. घरात लग्न निघालं की मालक म्हणे, "नव्यासारखं करून द्या." डायल खरवडून, रंगवून, त्यावर पुन्हा नाव छापून मिळे. मालकाला सगळं ठाऊक असे, कारण पैसे त्यानंच मोजलेले असत. यात फसवणूक कुठेच नव्हती. उलट, हाताशी काही नसताना यंत्र चालू ठेवण्याची ही कारागिरी मानाची आहे.

फसवणूक सुरू होते ती घड्याळ दुसऱ्याच्या हातात जाताना. तेव्हा वस्तू पुढे जाते आणि तिच्याबद्दलची माहिती मागे राहते. 'दुरुस्त केलेलं' हा शब्द वाटेत गळतो आणि 'अस्सल' हा शब्द येऊन चिकटतो.

हा फरक कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री इथून जवळच केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्यानंतर गावातून एकच मागणी आली : नाट्यगृह होतं तसंच उभं राहिलं पाहिजे. वास्तूत मूळचं काय उरलं, नवं काय घातलं आणि ते मुळाशी किती इमान राखून आहे, हेच प्रश्न मनगटावरच्या घड्याळालाही विचारायचे असतात. नवं असणं हा दोष नाही. नव्याला जुनं म्हणणं हा दोष आहे.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत जास्त येतो तो एचएमटीच्या बाबतीत. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि 'जनता' घरोघरी गेली. मागोमाग 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर', 'जवान' आली आणि ज्यासाठी माणसं वाट बघत राहायची ती ऑटोमॅटिक 'कांचन'ही आली. दहावीच्या निकालाला, लग्नात जावयाला, निवृत्तीच्या समारंभात एचएमटीच दिली जाई. कारखाना बंद होणार अशी बातमी 2014 मध्ये आली तशी जुन्या घड्याळांची मागणी उसळली. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं बंद करण्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केलं. मागणी वाढली, कारखाना थांबला; आता माल कुठून येणार? तो रंगाच्या डब्यातून आला.

आज बाजारात लालभडक, पोपटी, केशरी डायलची 'पायलट' मिळते. कुठे सैन्याच्या मालकीची खूण म्हणून बाण छापलेला असतो, तर कुठे हवाई दलाचं चक्र. खरी पायलट म्हणजे बहुधा काळी डायल, मोठे स्पष्ट आकडे आणि रोज चावी द्यायचं मशीन. देवनागरीत 'जनता' लिहिलेली डायल बघून मात्र लगेच नाक मुरडू नये, कारण तशा डायली कारखान्यातूनच निघालेल्या आहेत. संशय घ्यायचा तो भाषेचा नव्हे, छपाईचा.

छपाई पाहायची ती दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून. कारखान्याच्या छापातली अक्षरं कडेला तीक्ष्ण असतात आणि शाई पृष्ठभागावर किंचित उठून दिसते. हातानं पुन्हा केलेल्या डायलवर अक्षरं पसरतात, दोन अक्षरांमधलं अंतर बिघडतं, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या खुणांशी जुळत नाहीत. सेकंदाचं छोटं वर्तुळ असेल तर त्याची मधली फुली जरा तिरकी झालेली दिसते. सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत देशाचं नाव असायला हवं. रंगवणारा बहुतेक वेळा तिथंच चुकतो, कारण तिथं जागा सर्वांत कमी असते. डायल मशीनवरून उतरवलेली असेल तर तिच्या कडेला एक नसती खाच दिसते का तेही पाहावं. छाप सरळ बसावा म्हणून रंगवणारे अशी खाच घेतात.

आणि साठ वर्षांच्या घड्याळाची डायल काल छापल्यासारखी स्वच्छ असेल, तर आनंद होण्याआधी शंका यावी. वयाबरोबर डायल पिवळी पडते, कडेनं काळवंडते. डाग पडलेली, पण मूळची डायल असलेलं घड्याळ जाणकार जास्त पैसे देऊन घेतात.

अंधारात चमकणाऱ्या काट्यांची साक्ष मोठी भरवशाची असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यासाठी रेडियम वापरत. साठच्या दशकात त्याची जागा ट्रिटियमनं घेतली आणि ते नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत चाललं. ट्रिटियमच्या स्विस घड्याळांवर 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना बहुधा इंग्रजी 'टी' हे अक्षर असतं. ट्रिटियमचा जोर दर 12 वर्षांनी सुमारे निम्मा होतो. म्हणजे 1970 चं घड्याळ बॅटरीचा उजेड दाखवल्यावर तासभर झगझगीत दिसत असेल, तर ते द्रव्य नंतर भरलेलं आहे. काट्यांवरचा रंग एक आणि आकड्यांवरचा दुसरा, असंही दिसतं; काटे बदलल्याची ती उघड कबुली. रेडियमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट कळकळीनं सांगायला हवी. अशा डायली आता चमकत नाहीत, कारण त्यातलं चमकणारं द्रव्य झिजून गेलं आहे. रेडियम तिथेच आहे. त्याचा जोर निम्मा व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत डायल रंगवणाऱ्या मुली कुंचला ओठांवर टोकदार करत आणि त्या पायी कित्येकींचा जीव गेला. तेव्हा जुनी डायल घरी खरवडणं, त्यावर फुंकर मारणं, मुलांच्या हाती देणं, यांतलं काहीही करू नये.

आता मागचं झाकण. ते उघडून दाखवायला जो दुकानदार तयार नाही, त्याच्याकडून घड्याळ घेऊ नये. सौदा तिथंच थांबवावा. चावीच्या एचएमटीत बहुधा 17 ज्वेलचं '0231' मशीन असतं आणि तो आकडा मशीनवरच कोरलेला असतो. ते सेकंदाला पाच ठोके देतं. सेकंदकाटा एकेक सेकंदाच्या उडीनं चालत असेल तर आत सेलवरचं मशीन घातलेलं आहे. मग स्क्रूच्या खाचा बघायच्या. त्या चेमटलेल्या असतील तर आडदांड हात फिरलेले आहेत. चाकं धरून ठेवणाऱ्या पुलांचे रंग एकसारखे आहेत का, गंज कुठे आहे, चावीच्या दांडीजवळ तांबूस चूर्ण जमलंय का, डायल तिच्या मागच्या पायांवर बसलीय की डिंकानं चिकटवलीय, हे सगळं पाहावं. चिकटवलेली डायल बहुधा त्या मशीनची नसते. स्विस घड्याळांत मशीनवर बहुधा कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा, आकडा असतो आणि काहींत अनुक्रमांकही. ओमेगासारख्या कंपन्यांचा अनुक्रमांक घड्याळ कोणत्या वर्षांच्या आसपासचं आहे ते सांगतो. केस एका दशकाची आणि मशीन दुसऱ्या दशकाचं निघालं, तर दोन घड्याळांचं लग्न लागलं आहे.

केसची पारख नजरेपेक्षा बोटांनी लवकर होते. पट्टा जिथं बसतो त्या कानांच्या कडा मूळच्या धारदार असतात. वारंवार पॉलिश केलं की त्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतात आणि मागची अक्षरं पुसट होतात. गेलेला धातू परत येत नाही.

पण इतकं सगळं पाहूनही माणूस फसू शकतो, अगदी तो धंद्यातला असला तरी. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात 1957 चं एक ओमेगा स्पीडमास्टर विकलं गेलं. त्याची काळी डायल वयानं तपकिरी झालेली, शौकिनांना वेड लावणारी. अंदाज होता 80 हजार ते 1 लाख 20 हजार स्विस फ्रँकचा. बोली गेली 31 लाखांवर. घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठी. दोन वर्षांनी, 2023 मध्ये उघड झालं की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे बहुतांशी खरे भाग जोडून बनवलेलं होतं. यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. यातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे बहुतेक भाग खरेच होते. खोटी होती ती त्यांची एकत्र येण्याची गोष्ट. सगळे भाग अस्सल असले म्हणजे घड्याळ अस्सल, असं गणित मांडता येत नाही.

किमतीचं गणित तर कोल्हापूरकराला आणखी चमत्कारिक वाटेल. आपल्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दर ठरतो तो सोन्याच्या वजनावर आणि कसावर. जुन्या घड्याळांच्या दुनियेत कधी कधी पोलाद सोन्याला मागे टाकतं. 'पाटेक फिलिप'नं 1941 पासून '1518' नावाचं मॉडेल काढलं. एकूण 281 घड्याळं, बहुतेक सोन्याची. पोलादाची फक्त चार ठाऊक आहेत. त्यातलं एक 2016 मध्ये जिनिव्हात 1 कोटी 10 लाख स्विस फ्रँकला गेलं, सोन्याच्या भावंडांच्या कितीतरी पट. धातू तोच महाग, जो त्या मॉडेलात विरळा.

दुर्मीळ नसलेल्या घड्याळालाही किंमत चढते, ती त्याच्या गोष्टीमुळे. पण ती गोष्ट कागदानिशी हवी. मार्च 2009 मध्ये न्यूयॉर्कला महात्मा गांधींचं झेनिथचं खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट हे सगळं मिळून 18 लाख डॉलरला विकलं गेलं. घड्याळ म्हणून ते झेनिथ काही लाखमोलाचं नव्हतं. मोल होतं ते कोणाकडून कोणाकडे गेलं याच्या मागाला. "हे अमक्या सरदारांचं" असं कुणी इथे सांगू लागलं, तर पत्र, पावती किंवा फोटो मागावा. काही नसेल तर गोष्ट ऐकून घ्यावी आणि पैसे फक्त घड्याळाचे द्यावेत.

कोल्हापुरात एक तपासणी जास्तीची करावी लागते, पाण्याची. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा कपाटातली घड्याळंही बुडाली असणार. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात बारीक गाळ असतो. तो चाकांच्या टोकांत बसतो आणि केसाइतक्या बारीक स्प्रिंगला गंज चढतो. असं घड्याळ वरून पुसलं की दोन महिने चालतं, मग थांबतं. काचेच्या आतल्या कडेला मातकट रेघ, डायलच्या मागे बुरशी, झाकणाच्या आट्यांत वाळलेला गाळ, या त्याच्या खुणा.

शिकायला सुरुवात करायची ती बाजारातून नव्हे, घरातून. आजोबांची जनता किंवा आईच्या लग्नातलं घड्याळ हा सर्वांत चांगला धडा, कारण ते कधी आणलं, कोणी वापरलं, कुठे दुरुस्त झालं हे घरात कुणाला तरी ठाऊक असतं. ते भिंगाखाली धरून नजर तयार झाली की बाजारातलं खोटं घड्याळ लांबूनच डोळ्यांत खुपतं. त्या घड्याळाची डायल मात्र रंगवू नये, केस पॉलिशला देऊ नये. झाकणावर साखर कारखान्याचं किंवा शाळेचं नाव आणि निवृत्तीची तारीख कोरलेली असेल, तर ती घासून काढू नये. सर्व्हिसिंग आणि तेल एवढंच पुरे.

झाकण उघडलं की त्याच्या आतल्या बाजूला बहुतेकदा सुईनं ओढल्यासारखी बारीक अक्षरं दिसतात. एखादी तारीख, एखादं आद्याक्षर, एखादा आकडा. पेठेतल्या कुठल्याशा घड्याळजीनं आपल्या कामाची नोंद तिथं करून ठेवलेली असते. ज्या घड्याळात 1968 पासूनच्या अशा चार-पाच खुणा एकाखाली एक आहेत, ते दर काही वर्षांनी कुणीतरी प्रेमानं उघडलेलं घड्याळ आहे. झाकण बंद करण्याआधी त्या खुणांचा फोटो काढावा आणि घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला दाखवून त्या तारखांना काय घडलं होतं ते विचारावं.