पाण्याची रोजकीर्द
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ व्यापारउदिमावर चालतो. दिवसाची जमाखर्चाची वही पुरी केल्यावाचून दुकान बंद करू नये, हे वळण वडीलधाऱ्यांनी आपणांस लावले. परंतु पै-पैचा हिशेब राखणाऱ्या या घरांत एका जिनसेची नोंद सहसा आढळत नाही. ती जिन्नस म्हणजे पाणी.

आपल्या जिल्ह्याला ही बेफिकिरी परवडणारी नाही. अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग वगळला, तर आपला बहुतेक मुलूख पर्जन्यछायेतील. निजामशाहीच्या काळीदेखील नगर शहरासाठी कापूरवाडीसारख्या भोवतालच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणावे लागले. १९७२ चा दुष्काळ ज्येष्ठ मंडळी विसरलेली नाहीत. अशा वर्षी पाणी तुटले म्हणजे भोजनालय वा धुलाईघर बंद पडते, आणि मालकाच्या आधी तेथे राबणाऱ्या माणसाची चूल विझते.

हिशेब कसा ठेवावा, याचा धडा आपल्याच तालुक्यातील हिवरे बाजारने घालून दिला आहे. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने पाणी अडविले, शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास मनाई केली, उसासारखी तहानलेली पिके सोडली. पुढे दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पडली. शेतकऱ्यांनी जे केले ते व्यापाऱ्यांना अशक्य का असावे?

प्रथम मापक बसवावा. रात्री दुकान बंद करताना त्यावरील आकडा लिहावा व सकाळी उघडताना पुन्हा पाहावा. मधल्या वेळी कोणी पाणी वापरले नसता आकडा सरकला असेल, तर कोठेतरी गळती आहे हे निश्चित समजावे. मिनिटास २०० मिलिलिटरचा एक पेला गळाला, तरी दिवसास २८८ लिटर आणि वर्षास १ लाख ५ हजार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते.

दुसरे असे की, पाण्याचे मोल आपण एकदाच देत नाही. ते उपसावयास वीज लागते, तापवावयास इंधन लागते. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांवर नेण्यास जवळजवळ ६ युनिट वीज खर्च होते. म्हणून ज्यांच्याकडे बॉयलर आहे त्यांनी वाफेचे निवळलेले ऊन पाणी स्वच्छ असेल तर पुन्हा बॉयलरकडेच न्यावे. त्यात पाणी वाचते आणि इंधनही वाचते. भोजनालयात भांडी वाहत्या नळाखाली न धरता ओळीने मांडलेल्या तीन टाक्यांत विसळावीत. शेवटच्या टाकीतील पाणी पुढील खेपेस पहिल्या टाकीस चालते.

तिसरे, छपराकडे पाहावे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी होते. गोदामाचे छप्पर २०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर छपरावर १ लाख लिटर पाणी पडते. काही उडून वा वाहून गेले, तरी पन्हळ लावून उरलेले हौदात किंवा विहिरीत सोडता येते.

मोठ्या कारखान्यांनाही हाच न्याय लागू आहे. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे साखरधंदा जिल्ह्याचे वैभव ठरला. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असते. म्हणजे प्रत्येक टन ऊस आपल्यासोबत सुमारे ७०० लिटर पाणी घेऊन कारखान्यात येतो. रस आटविताना निघणारी वाफ थंड करून ते पाणी पुन्हा वापरले, तर नदी-कालव्यावरील भार तितका हलका होतो. ते पाणी खालच्या गावांच्या वाट्याला राहते.

कोणी म्हणेल, पाण्याचे बिल ते केवढे, त्यासाठी एवढी यातायात कशाला? त्यांनी टँकर मागविण्याची वेळ आली त्या महिन्यांचा खर्च आठवावा. स्वस्ताईच्या महिन्यांत लागलेली सवयच टंचाईत उपयोगी पडते.

माझी सूचना साधी आहे. संस्थेच्या कार्यालयापासून आरंभ करावा. प्रत्येक व्यावसायिक कुटुंबाने पाण्याची रोजकीर्द वर्षभर ठेवून पुढील संमेलनात आकडे घेऊन यावे. ज्याची बचत अधिक, त्याने आपली युक्ती इतरांस सांगावी. हिशेबाला चोख म्हणून आपला जो लौकिक आहे, तो पाण्याच्या बाबतीतही खरा ठरो.