गोळी कुणी घ्यायची, कुणी थांबायचं

आज आपण हत्तीरोगाच्या गोळ्यांबद्दल बोलू.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. पण पूर्व विदर्भातल्या इतर जिल्ह्यांसारखा हत्तीरोगही आपल्याकडे जुनाच आहे. म्हणून मोहिमेच्या दिवसांत आशाताई गोळ्या घेऊन दारात येतात. तेव्हा घरोघरी दोन बोलणी ऐकू येतात. "आम्हाला काही झालंच नाही, मग गोळी कशाला?" आणि "शेजारणीला गोळी खाऊन चक्कर आली, आम्ही नाही खात."

कोणतंही औषध हातात आलं की तीन प्रश्न विचारायचे. हे कशासाठी? यानं काय त्रास होऊ शकतो? आणि हे कुणी घेऊ नये? यातला दुसरा आणि तिसरा प्रश्न आपण एकच समजतो, तिथेच घोळ होतो.

आधी पहिला प्रश्न. घाण, साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावला की हत्तीरोगाचे जंतू अंगात शिरतात. मोठे जंतू शरीरातल्या रसवाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात, आणि त्यांची बारीक पिल्लं रात्रीच्या वेळी रक्तात फिरतात. म्हणूनच या रोगाची रक्ततपासणी रात्री होते. माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, पण त्याला चावलेला डास रोग पुढे नेतो. पाय सुजून हत्तीसारखा झाला, की तो गोळीनं पहिल्यासारखा होत नाही. म्हणून काही झालं नसतानाच गोळी घ्यायची. डीईसी आणि अल्बेंडाझोल ही दोन औषधं वर्षातून एकदा देतात. काही भागांत तिसरं, आयव्हरमेक्टिन, जोडतात. त्याच्या शोधासाठी दोन शास्त्रज्ञांना 2015 साली नोबेल मिळालं. हे औषध जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून आलं.

आता दुसरा प्रश्न, त्रासाचा. गोळी घेतल्यावर काहींना ताप येतो, डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, अंगावर पुरळ उठतं. रक्तातले जंतू मरू लागले की शरीर असं उत्तर देतं. म्हणजे ज्याला त्रास झाला, त्याच्या अंगात बहुधा जंतू होते आणि त्याला गोळीची खरी गरज होती. हा त्रास एक-दोन दिवसांत बसतो. उपाशीपोटी घेतली तर मळमळ वाढते, म्हणून आधी जेवायचं. मात्र उलट्या थांबत नसतील, तोंड सुजलं, श्वास लागला, तर वाट पाहायची नाही. आशाताईंना कळवायचं, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं किंवा 108 ला फोन करायचा.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. कुणी घ्यायची नाही? 2 वर्षांखालच्या लेकरांनी, गरोदर बाईनं आणि फार आजारी माणसानं. आयव्हरमेक्टिन असेल तर 5 वर्षांखालच्या मुलांना आणि बाळंत होऊन आठवडाही न झालेल्या बाईला ते देत नाहीत. हे औषध उंची मोजून देतात, 90 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला नाही. बीपी किंवा शुगरची नेहमीची गोळी चालू आहे एवढ्यावरून मात्र थांबायचं कारण नाही. आजार सांगायचा आणि घ्यायची.

गरोदरपणाचं नीट ऐका. प्राण्यांवरच्या चाचण्यांत अल्बेंडाझोलनं गर्भाला इजा झालेली दिसली आहे. पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक, आणि नेमकं तेव्हाच कुणाला कळलेलं नसतं. दारात सासू, दीर, शेजारी उभे असतात. नवी सून पाळी चुकली म्हणून कशी सांगणार? ती लाजून गोळी गिळते. हे टाळणं आपल्या हातात आहे. आशाताईंनी बाईला आत नेऊन विचारावं, आणि सासूबाईंनी तेवढ्यापुरतं बाहेर थांबावं. पाळी चुकली असेल तर "या वेळी नको" एवढं म्हटलं तरी पुरे. पुढे तिसऱ्या महिन्यानंतर तपासणीला गेल्यावर डॉक्टर तीच अल्बेंडाझोल जंतासाठी देतात, तेव्हा घाबरू नका. औषध तेच, वेळ वेगळी, आणि ती डॉक्टरांनी ठरवलेली.

डीईसीचा हिशोब वयावर असतो: 2 ते 5 वर्षं 1 गोळी, 6 ते 14 वर्षं 2, आणि 15 च्या पुढे 3. अल्बेंडाझोलची 1 गोळी चावून खायची. गोळ्या आशाताईंच्या समोरच घ्यायच्या. डब्यात ठेवलेली गोळी कामाची नाही, आणि ती लहान लेकराच्या हाती लागली तर धोका.

हेच तीन प्रश्न दुसऱ्या औषधांनाही लावा. रोवणीच्या दिवसांत कंबर मोडते, मग दुकानातून दुखण्याची गोळी आणतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक दुखणं कमी करतात. पण रिकाम्या पोटी रोज घेतल्या तर पोटात जखम होऊ शकते. किडनीचा आजार असलेल्यांनी आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेलच असं नाही, कारण तिचं अंग वेगळं, आपलं वेगळं.

येत्या बैठकीत आपल्या गटात एवढं करा. मोहिमेची तारीख आशाताईंकडून विचारून घ्या. कुणाच्या घरी 2 वर्षांखालचं लेकरू आहे, कोण अंथरुणाला खिळलं आहे, याची नोंद करा. आणि ज्या घरात नवी सून आहे, तिथे मोठ्या बाईशी आधीच एकदा बोलून ठेवा. बाकी सगळ्यांनी जेवून दारात उभं राहायचं आणि गोळी घ्यायची.