हरलेल्याने सांगितलेला डाव

(पुसेगाव, जि. हिंगोली येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

पारावर बुद्धिबळाचा पट मांडला की खेळणारे दोन असतात आणि सांगणारे दहा. बघ्याला चाल आधी दिसते आणि त्याला गप्प बसवत नाही. ‘घोडा घाल, घोडा!’ असं कुणीतरी ओरडतं, खेळणारा वैतागतो, आणि प्रकरण कधीकधी पट उधळण्यापर्यंत जातं. तरीही आज या दहा जणांची बाजू घ्यायची आहे. कारण खेळणारे उठून जातात, मोहरे डब्यात पडतात, आणि डाव मागे उरतो तो बघ्यांच्या तोंडी. त्यातल्या एखाद्याने तो टिपून ठेवला तरच तो पुढच्या पिढीला दिसतो.

जगात सगळ्यात जास्त वेळा पुन्हा मांडला गेलेला डाव कुठला, असं विचारलं तर बहुतेक जण १८५१ सालचा लंडनचा डाव सांगतील. जर्मनीचा अँडरसन आणि पॅरिसमध्ये राहणारा किझेरित्स्की हे दोघे मोठ्या स्पर्धेसाठी लंडनला आले होते. हा डाव त्या स्पर्धेतला नव्हेच. मधल्या मोकळ्या वेळेत, २१ जूनला, दोघे सहज खेळायला बसले. अँडरसनने एक उंट दिला, मग एक हत्ती, मग दुसरा हत्ती, आणि शेवटी वजीरही देऊन टाकला. समोरच्याची जेमतेम तीन प्यादी पडली होती. तरी तेविसाव्या चालीला उरलेला उंट आणि दोन घोडे यांनी मिळून मात केली.

आता खरी गंमत. हा डाव जगाला कळवला तो किझेरित्स्कीने, म्हणजे हरलेल्याने! त्याला तो इतका आवडला की त्याने पॅरिसला चाली कळवल्या आणि त्याच वर्षी आपल्या ‘ला रेजांस’ या मासिकात छापल्याही. पुढे १८५५ मध्ये फाल्कबीर या लेखकाने त्याला ‘अमर डाव’ असं नाव दिलं. आपण कसे हरलो हे चारचौघांत रंगवून सांगायला मोठं मन लागतं. क्रिकेटवाल्यांमध्ये ते फारसं आढळत नाही.

त्याच सुमारास आपल्या देशात काय चाललं होतं? कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, आणि त्याला बरोबरीचा जोडीदार मिळत नव्हता. कलकत्ता क्लबातल्या एकाला मुलुखात फिरताना कळलं, की एका गावात कधीच न हरलेला ब्राह्मण आहे. त्याचं नाव महेशचंद्र बॅनर्जी. त्याला कलकत्त्याला आणलं. विलायती नियमांतले बारकावे त्याला नवे होते. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, त्यामुळे घाईने मधली घरं बळकावण्याऐवजी उंट कोपऱ्याजवळ बसवून दुरून मारा करायची त्याला सवय होती. कॉक्रेनशी तो शेकडो डाव खेळला. बरेच हरला, काही जिंकला. कॉक्रेन त्या चाली लंडनच्या बुद्धिबळ मासिकाकडे धाडत राहिला.

मे १८५५ मधल्या एका डावात महेशचंद्रांनी काळ्या मोहऱ्यांनी जी सुरुवात केली, तीच पुढे १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डने खेळली. आज ती ग्रुनफेल्डच्या नावानेच ओळखली जाते. सदुसष्ट वर्षं आधी ती कुणी खेळली होती हे कशामुळे कळलं? बॅरिस्टरसाहेबांनी पत्रं लिहिली म्हणून. ती लिहिली नसती तर महेशचंद्रांचं नाव कुणाच्या कानावरही आलं नसतं.

नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यातलं. अभंग कसे टिकले हे इथल्या माणसांना सांगायला नको. कुणी गायले, कुणी पाठ केले, कुणी वहीत उतरवले. आपल्या जुन्या डावांचं मात्र तसं झालं नाही. कल्याणीच्या सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, बुद्धिबळाचं वर्णन आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठभट्टांच्या ‘नीतिमयूखा’त घोड्याला सगळ्या पटावरून एकेकदा फिरवायची रीत दिली आहे. १८१४ मध्ये मुंबईला एका शास्त्र्यांच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, त्यात अवघड मांडण्या आहेत. नियम आहेत, कोडी आहेत. पण दोन माणसं समोरासमोर बसून पहिल्या चालीपासून मातेपर्यंत कशी झुंजली, ते यांत मिळत नाही. एवढा बुद्धिमान समाज, आणि डाव टिपायचं कुणाला सुचल्याचं दिसत नाही. याचा राग यावा असंच हे आहे.

विलायतेत टिपले गेले म्हणून डाव उरले, याचं महेशचंद्रांनंतर मीर सुलतान खान हे दुसरं उदाहरण. पंजाबातला हा माणूस सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. विलायती नियम शिकून तो १९२९ मध्ये इंग्लंडला गेला, आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकला. हेस्टिंग्ज इथे त्याने माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवलं. १९३५ मध्ये खाडिलकर नावाच्या आपल्या एका खेळाडूशी त्याचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांच्या वाट्याला त्यात एक बरोबरी आली. १९६६ मध्ये सरगोध्याला सुलतान खान वारला, तेव्हा जग त्याला जवळपास विसरलं होतं. डाव मात्र विलायतेत छापलेले होते. ते पुन्हा पुन्हा मांडले गेले, आणि २०२४ मध्ये जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं.

महाराष्ट्रात बुद्धिबळ घरोघरी पोहोचवलं ते ‘नवाकाळ’च्या नीलकंठ खाडिलकरांच्या तीन मुलींनी. वासंतीने १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मग जयश्री, मग रोहिणी. पहिली दहा वर्षं अजिंक्यपद या घराबाहेर गेलं नाही. रोहिणी तर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली.

आता टिपण्याचं काम यंत्र करतं. १९९३ पासून डाव साध्या मजकुरात साठवायची एक सर्वमान्य पद्धत आहे, तिला पीजीएन म्हणतात. एक डाव म्हणजे थोड्याच ओळी. त्यामुळे चाली हातोहात फिरतात. काहींना ते खुपतं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला कार्लसन आणि कार्याकिन यांचा जगज्जेतेपदाचा सामना होता. चालू डावाच्या चाली इतरांनी दाखवू नयेत म्हणून आयोजक न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी मनाईहुकूम द्यायला नकार दिला. बघ्यांच्या बाजूने एवढा स्पष्ट निकाल क्वचितच लागला असेल.

मुंबईतून सागर शाह आणि अमृता मोकल हे ‘चेसबेस इंडिया’ हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ चालवतात. २०२०च्या टाळेबंदीत नाशिकचा विदित गुजराथी हास्यकलाकारांना घेऊन ऑनलाइन खेळायला बसला, तेव्हा बुद्धिबळाशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशी पोरंही मोबाइलवर डाव बघत बसली. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक खेळत होती. उपांत्य फेरीत तिने माजी महिला जगज्जेती तान झोंगयीला १०१ चालींच्या डावात हरवलं. २८ तारखेला जलद डावांत कोनेरू हम्पीला हरवून ती विश्वचषक जिंकली आणि देशाची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तिची एकेक चाल त्याच क्षणी लाखोंना दिसत होती. महेशचंद्रांच्या चाली बोटीने लंडनला जायच्या.

एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची, मामांची, जुन्या गुरुजींची डाव लिहिलेली वही असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. अक्षर लागत नसलं तरी चालेल, दोघांनी मिळून पटावर मांडून बघितलं की लागतं. आणि आज ज्यांना थोडा वेळ आहे त्यांनी थांबा. बाहेर पट मांडून ठेवला आहे. लंडनचा तो तेवीस चालींचा डाव दहा मिनिटांत होतो. मध्ये बोललात तरी कुणी रागावणार नाही.