टोपल्यातल्या भाकरीवर ठरणारी भूक



"जेवलीस का गं?" "हो, झालं की." "पोटभर?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना आपण पोटाला विचारतच नाही. टोपल्यात एकच भाकरी उरली असली, की आपली भूकही बरोब्बर एका भाकरीची होते. आज बोलायचंय ते या भुकेबद्दल.

पोट भरलं हे आपल्याला कळतं कसं? जठर म्हणजे ताणली जाणारी पिशवी. अन्न गेलं की ती फुगते आणि नसा मेंदूला तसं कळवतात. मग अन्न आतड्यात उतरतं, तिथून काही संप्रेरकं रक्तात मिसळतात आणि "आता बास" असा निरोप देतात. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. भराभर गिळणारा माणूस निरोप यायच्या आतच जास्त खाऊन बसतो.

चहानं किंवा पाण्यानंही पोट फुगतं, पण लगेच रिकामं होतं. भाकरीत कोंडा असतो, डाळी-उसळीत प्रथिनं; ते अन्न सावकाश पचतं. म्हणून भाकरी आणि मटकीची उसळ खाऊन रानात गेलेली बाई दुपारपर्यंत तग धरते. चहा-बिस्किटावर गेलेली अकरालाच गळून जाते.

पुड्यातल्या खाण्याचं आणखी एक आहे. अमेरिकेत 20 माणसांना महिनाभर एका संस्थेत ठेवून पाहिलं. त्याचा अहवाल 2019 साली आला. दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या अन्नात साखर, मीठ, तेलतूप सारखंच, आणि हवं तेवढं खायची मुभा. तयार खाण्यावर असताना ती माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. म्हणजे मध्यम आकाराच्या तीन भाकऱ्यांइतकं! ते खाणं मऊ, पटपट खाल्लं जाणारं. पोरं कुरकुऱ्यांचा पुडा संपवून वर जेवायला नको म्हणतात, ते काय उगीच?

पण आपली अडचण बहुतेक वेळा उलटीच असते. भूक लागते, आणि आपण ती मारतो. सकाळी चहा, मग मिश्री, मग पुन्हा चहा. मिश्रीतल्या तंबाखूनं भूक दबते. अंगाला मात्र काहीच मिळालेलं नसतं. तासभर फोडणीच्या वासात उभं राहिलं, की त्याच भाजीवरची वासना उडते. "स्वयंपाक करतानाच पोट भरलं" असं आपण म्हणतो, त्यात बरंच तथ्य आहे. पण ते मन भरणं झालं, पोट नव्हे.

सोबतीचाही परिणाम होतो. चारचौघांत माणूस जास्त जेवतो. पंगतीत तर आग्रह करकरून वाढतात. आणि सगळ्यांचं उरकल्यावर मागून एकटी बसणारी? तिला "अजून अर्धी घे" म्हणणारं कोण असतं? कालवण संपलेलं, डाळीचं वरचं पाणी तेवढं उरलेलं. चार घास खाऊन ती भांड्यांना लागते. देशाच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याला कारणं अनेक आहेत, पण मागून उरलंसुरलं खाणं हे त्यातलं एक, असं माझं मत आहे.

म्हणून एक करून बघा. वाढायला घेताना आधी आपलं ताट वाढून झाकून ठेवा. त्यात डाळ घट्ट घ्या, उसळ घ्या. सासूबाईंना नवल वाटेल, वाटू द्या. जमलं तर सगळ्यांबरोबरच बसा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या सुनेचं ताट तर पहिलं. चहा जेवणाला लागून नको, तासाभरानं घ्या. चहामुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त मिळतं.

आणि एक वेगळी गोष्ट. भूक बरेच दिवस लागतच नसेल, वजन उतरत असेल, तर "उन्हाळाच आहे" म्हणून सोडून देऊ नका. सोबत दोन आठवड्यांचा खोकला असेल तर आशाताईंना सांगा आणि सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची ती तपासणी तिथे मोफत होते.