साधा माणूस वीर केव्हा होतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



या मंडळात मी कित्येक वर्षे येते आहे. सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाची तबके फिरवली, चहाच्या किटलीवर लक्ष ठेवले. पण इथे उभी राहून बोलण्याची पाळी कधी आली नव्हती. माझे शिक्षण सातवीपर्यंत. म्हणून चिटणीसबाईंनी या वर्षी बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, मी काय बोलणार? मला येतं काय?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी ते पुस्तक वाचलं जात होतं ना, त्याचंच सांगा." तेव्हा त्याविषयीच चार शब्द सांगते. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

गेल्या वर्षी आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. रात्री त्यांना झोप नसे, आणि त्यांना नाही म्हणून मलाही नसे. आमची मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आई, मी एक गोष्ट वाचते, म्हणजे तुझं जागरण सुखाचं होईल." ती इंग्रजी पुस्तक समोर धरी आणि आम्हांला मराठीत सांगे. पुस्तकाचे नाव 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', म्हणजे अंगठ्यांचा स्वामी. लेखक टॉल्किन हे ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. पुस्तकाचे तीन भाग 1954 आणि 1955 साली निघाले. त्यात जादूगार आहेत, राक्षस आहेत, बोलणारी झाडे आहेत. पहिल्या दिवशी मला हसू आले. म्हटले, या वयात काय परीकथा ऐकायच्या! पण सासूबाईंना गोडी लागली, आणि मग मलाही लागली.

गोष्ट थोडक्यात अशी. सॉरॉन नावाच्या एका दुष्टाने फार पूर्वी एक अंगठी घडवली. ती ज्याच्या हाती असेल त्याला सत्तेचा मोह पडतो आणि हळूहळू तो माणसातून उठतो. ती घणाने फुटत नाही. ज्या ज्वालामुखीच्या आगीत घडली त्याच आगीत टाकली तरच नष्ट होते, आणि तो डोंगर आहे शत्रूच्याच मुलखात, मॉर्डोरमध्ये. ही अंगठी येते फ्रोडो नावाच्या एका हॉबिटाकडे. हॉबिट म्हणजे दोन ते चार फूट उंचीचे ठेंगू लोक. पायात जोडा घालायचा नाही, बागबगीचा राखायचा, दिवसातून सहा वेळा पोटभर खायचे आणि आपल्या गावाबाहेर पाऊल टाकायचे नाही, अशी त्यांची राहणी. फ्रोडो हे काम घेऊन घराबाहेर पडतो तेव्हा त्याला पन्नास वर्षे पूर्ण झालेली असतात. ते ऐकून मला जरा धीर आला. चाळिशी उलटलेल्यांनाही गोष्टीत जागा आहे म्हणायची!

एके रात्री सासूबाईंनी विचारले, "अगं, यात राजा आहे, जादूगार आहे, तलवारबहाद्दर आहेत. मग एवढं मोठं काम या ठेंगूच्या गळ्यात का घातलं?" मुलगी म्हणाली, "आजी, तेच तर गंमत आहे." मी मात्र त्या प्रश्नावर पुष्कळ दिवस विचार केला. पोळ्या लाटताना केला, कपडे वाळत घालताना केला. माझ्या अल्प बुद्धीला जे सुचले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट. हे काम कोणी त्याच्या गळ्यात घातले नाही. मोठमोठ्यांची सभा भरते. अंगठी नेणार कोण, असा प्रश्न निघतो आणि सगळे माना खाली घालून गप्प बसतात. तेव्हा हा लहानसा फ्रोडो म्हणतो की मी नेतो, मला वाट मात्र ठाऊक नाही. त्याला घरी परत जायचे असते, भीती तर पोटात गोळा यावा इतकी असते. तरी तो म्हणतो. अंगात बळ आहे म्हणून पुढे होणे निराळे, आणि बळ नाही हे ठाऊक असून, कुणीतरी करायलाच हवे म्हणून पुढे होणे निराळे.

दुसरी गोष्ट. जे खरोखर बलवान होते त्यांना ती अंगठी हाती घ्यायची भीती वाटते. गॅन्डाल्फ जादूगार ती नाकारतो. गॅलाड्रिएल राणीही नाकारते. का? तर आपण चांगले करायला जाऊ आणि त्या सत्तेने आपणच जुलमी होऊ, हे ते ओळखून असतात. ज्याला मोठे व्हायचेच नाही अशा साध्या जीवाच्या हाती ती त्यातल्या त्यात सुरक्षित.

आता सॅमविषयी सांगते. सासूबाईंचा तो फार लाडका. सॅम हा फ्रोडोच्या घरचा माळी. खिडकीखाली उभे राहून गुपित ऐकताना सापडतो आणि धन्याबरोबर निघतो. त्याच्या पाठीवरच्या ओझ्यात काय असते? स्वयंपाकाची भांडी आणि मिठाची लहानशी डबी! हे ऐकले आणि मी म्हटले, हा आपल्यातला. वाटेत कुठे दोन ससे मिळतात तर तो चूल मांडून त्यांचा रस्सा करतो. जग बुडायला आलेले, पण धन्याच्या पोटात काही ऊन ऊन गेले पाहिजे ही त्याची काळजी.

एकदा फ्रोडो मेला असे वाटून सॅम ती अंगठी स्वतःजवळ घेतो. लगेच तिचा मोह त्यालाही घेरतो. तू मोठा वीर होशील, सारे मॉर्डोर फुलवून एक प्रचंड बाग करशील, असे ती त्याला दाखवते. पण सॅमच्या ध्यानात येते की आपल्याला पुरेल ती आपल्या हाताने खणलेली एक लहान बाग. एवढ्या शहाणपणावर तो वाचतो. भगिनींनो, आपल्याला किती पुरे हे ज्याला कळले त्याला फसवणे कठीण.

पुढे मॉर्डोरच्या ओसाड मुलखात एक वेळ अशी येते की ओझे पेलत नाही. तेव्हा सॅम आपली ती भांडी दरीत टाकून देतो. भांडी गडगडत खाली गेल्याचा आवाज त्याच्या काळजात घुसतो. मुलगी हे सांगत होती आणि माझ्या डोळ्यांना पाणी आले. ती म्हणाली, "अगं आई, भांड्यांसाठी काय रडतेस?" पण जिने घर चालवले तिला ते कळेल. भांडी टाकली म्हणजे आता परतीच्या वाटेवर चूल पेटायची नाही, हे त्याने मनोमन मान्य केले. शेवटी फ्रोडोला पाऊल उचलत नाही. अंगठीचा भार सॅमला घेता येत नाही, कारण तो ज्याचा त्यानेच वाहायचा असतो. मग सॅम फ्रोडोलाच पाठीवर घेतो आणि डोंगर चढू लागतो.

टॉल्किन हे स्वतः 1916 साली फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत होते. तिथून ते आजारी होऊन परतले. पहिले महायुद्ध संपेपर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एकच काय तो उरला होता. सॅम त्यांना सुचला तो त्या लढाईतले साधे शिपाई आणि अधिकाऱ्यांची सेवा करणारे सैनिक पाहून, असे त्यांनी पुढे लिहिले, आणि ती माणसे आपल्याहून श्रेष्ठ होती असेही म्हटले. 1944 साली त्यांचा मुलगा हवाई दलात दक्षिण आफ्रिकेत होता. फ्रोडो आणि सॅमच्या या प्रवासाची प्रकरणे ते लिहून होतील तशी त्याला धाडत असत. तेव्हा ही नुसती पोरांना झोपवायची गोष्ट नव्हे.

आता जे सांगायला मी खरोखर उभी राहिले ते सांगते. घरचे आहे, पण आपण सगळ्या घरच्याच आहात.

सासूबाईंचे शेवटचे दिवस होते. तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. चौथ्या रात्री त्यांनी पुन्हापुन्हा हाक मारली तेव्हा मी त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणाले, "आता माझ्याच्यानं होत नाही. कुणीही सांभाळा यांना." आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीशी बसले. शेजारच्या वहिनींनी ते ऐकले. त्या आल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, मला हाताला धरून निजवले आणि स्वतः सासूबाईंच्या उशाशी बसल्या. सकाळी उठून मी पाय धरले. सासूबाईंनी नुसता हात हातात घेतला. बोलण्याची शक्ती उरली नव्हती. दोन दिवसांनी त्या गेल्या. लोक म्हणत, "सुनेनं किती केलं!" आणि मला ते बोल टोचत. वर्षभर केलेले एका वाक्याने धुऊन गेले असेच मला वाटे.

तेरावा झाल्यावर मुलीने उरलेले पुस्तक वाचले. फ्रोडो डोंगरावर पोहोचतो, त्या आगीच्या काठाशी उभा राहतो, आणि अंगठी टाकत नाही! ही माझी, असे म्हणून बोटात घालतो. मी म्हटले, "मग काय उपयोग झाला? हरलाच की हा!" मुलगी म्हणाली, "पुढे ऐक." गोलम नावाचा एक दीनवाणा, कपटी प्राणी त्यांच्या मागे असतो. त्याच्याजवळ ती अंगठी पूर्वी कित्येक शतके होती. त्याला मारण्याची संधी फ्रोडोला मिळाली होती, पण दया येऊन त्याने सोडले होते. तोच गोलम झडप घालून फ्रोडोचे बोट तोडतो, आणि अंगठीसकट आगीत पडतो. काम होते. फ्रोडोच्या बळाने नव्हे. त्याने पूर्वी केलेल्या दयेने होते.

त्या रात्री मला सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. वीर म्हणजे कधी न मोडणारा नव्हे. फ्रोडो मोडला, पण मोडेपर्यंत तो चालला होता, आणि वाटेत त्याने जे चांगले केले ते वाया गेले नाही. जिथे त्याची शक्ती संपली तिथे दुसरे काही उपयोगी पडले. त्याला तिथवर पोहोचवणारा सॅमही होताच. त्या दिवसापासून ते वाक्य मला थोडे कमी टोचते. टोचते, नाही असे नाही. फ्रोडोचीही जखम घरी परतल्यावर दरवर्षी दुखतेच, आणि शेवटी तो गाव सोडून दूर जातो. सॅम मात्र घरी परततो. दिवा लागलेला असतो, जेवण तयार असते, बायको लहान मुलीला त्याच्या मांडीवर देते, आणि पुस्तक तिथे संपते.

भगिनींनो, हे ऐकून कुणी असे समजू नये की बाईने मुकाट्याने मरेस्तोवर राबावे आणि त्याला वीरपणा म्हणावे. मला उलटेच सांगायचे आहे. फ्रोडोला एकट्याने पाठवले असते तर तो अर्ध्या वाटेतच पडला असता. आपल्या आळीत आज किती घरांतून कुणी ना कुणी अंथरुणाला आहे, आणि त्यांच्या उशाशी एकच बाई रात्रंदिवस बसली आहे! तिचा भार आपल्याला घेता येणार नाही. पण तिला चार तास उचलून धरता येईल.

म्हणून माझी एक सूचना आहे. या वर्धापनदिनापासून मंडळाने एक वही घालावी. ज्यांना आठवड्यातून एक दुपार किंवा एक रात्र मोकळी आहे त्यांनी तीत नाव लिहावे, आणि ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी संकोच न करता निरोप धाडावा. वर्गणी नको, समारंभ नको. पहिले नाव मी माझे लिहिते, बुधवारची रात्र. दुसरे नाव शेजारच्या वहिनी लिहिणार आहेत, असे त्यांनी मला आत्ताच खुणेने सांगितले.